गियरची वही

नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी दुपारी आबा गेले. ते ड्रायव्हर होते त्या कंपनीच्या आवारात त्यांनी गाडी उभी केली, किल्ली काढली, आणि ते उतरले नाहीत. वाचनालयात फोन आला तेव्हा मी पुस्तकांवर नंबर चिकटवत होते.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही राजस्थानच्या वाळवंटात जाणार होतो. आम्ही म्हणजे आबा, मी आणि गॅरेजवाले काका. ऐंशीनंतरची ती वर्षं. भांडुपच्या टेकडीवर आमची एक खोली होती आणि खाली मोठ्या रस्त्याला काकांचं गॅरेज. काका मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर ते गाड्यांच्या कामात पडले. लष्करानं मोडीत काढलेली एक जीप त्यांनी लिलावात घेतली आणि दोन वर्षं खपून ती चालती केली. भांडुपमध्ये अशी जीप घेऊन करायचं काय, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते आबांना ठाऊक होतं.

आबांनी सैन्यात पंधरा वर्षं ट्रक चालवला होता. काका त्यांना 'मेजर' म्हणत.

"मेजर न्हाय रे, नाईक होतो मी," आबा दर वेळी सांगत.

"आसांदे रे मेजर," काका दर वेळी म्हणत.

आमच्या घरी पितळेचा एक लोटा होता. आई तो दर रविवारी चिंचेनं घासायची आणि पुन्हा फळीवर ठेवायची. त्यातून कुणी पाणी प्यायचं नाही. तो आजीचा असावा अशी माझी समजूत होती. जीप पहिल्यांदा सुरू झाली त्या संध्याकाळी आबांनी तो खाली काढला आणि काकांच्या आणि माझ्यासमोर ठेवला. ते फार बोलणारे नव्हते. जे बोलले ते असं.

एकाहत्तरच्या लढाईच्या वर्षी ते बाडमेरहून वाळूतून दारूगोळा नेत होते. एके दिवशी इंजिन तापलं म्हणून ते ताफ्याच्या मागं पडले. होतं नव्हतं ते प्यायचं पाणी त्यांनी रेडिएटरमध्ये ओतलं. पुढं वाळूच्या एका टेकाडामागं चार गोल झोपड्या लागल्या. एक म्हातारी लोटा घेऊन बाहेर आली. आबा खाली उतरले, वाकले आणि त्यांनी ओंजळ धरली.

आमच्या गावी, साताऱ्याकडं, आबांच्या लहानपणी आमच्या माणसांना पाणी असंच मिळायचं. वरून ओततील तेवढं, ओंजळीत. अंगावर वर्दी होती, खांद्याला बंदूक होती, तरी हात आपसूक तसे जुळले.

"तिनं ओतलंच न्हाय," आबा म्हणाले. "माझ्या हाताकडं बघितलं, आणि लोटाच हातात दिला. तोंड लावून प्यालो मी."

तेवढ्यात पुढं त्यांच्यासाठी थांबलेल्या गाडीनं हॉर्न द्यायला सुरुवात केली आणि ते लोट्यासकट ट्रकमध्ये चढले. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं. परत फिरणं शक्य नव्हतं.

"द्यायला जायचंय?" मी विचारलं.

"द्यायला तर जायचंयच." त्यांनी लोटा थोडा वळवून ठेवला. "पण वर्दी न घालता जायचंय. तिनं वर्दी बघून दिला, का वाळवंटात पाणी सांडू नये म्हणून दिला, का माणूस म्हणून दिला, ते मला कळलेलं न्हाय. तसंच जाऊन ओंजळ धरणार. मग बघू."

"आणि म्हातारी नसली तर?"

"सून असंल की. घर तर तेच."

काकांनी लोटा उचलून पाहिला आणि जपून खाली ठेवला. "डिसेंबरात जाऊया," ते म्हणाले. "सहा तारीख झाली की." सहा डिसेंबर सोडून आबा कुठं जाणार नाहीत हे त्यांना न सांगता माहीत होतं.

अडचण एकच होती. त्या झोपड्यांचं नाव आबांना ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरला गावांची नावं सांगत नसत. मी मुलुंडच्या ज्या वाचनालयात काम करायचे तिथं एक मोठा अॅटलास होता. तो बाहेर नेता यायचा नाही, म्हणून मी बटर पेपर ठेवून बाडमेरच्या भोवतालचा भाग उतरवून आणला. आबांनी तो कागद खिडकीशी धरला. शहराच्या पश्चिमेला नुसते ठिपके होते. नकाशात वाळू दाखवायला ठिपके देतात.

"हे काय?"

"वाळू आहे, आबा."

"वाळू अशी नसती," असं म्हणून त्यांनी कागद मला परत दिला. "वही घे. मी चालवतो, तू लिही."

पुढच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर आबा त्यांच्या काळ्या लष्करी ट्रंकेवर बसले. पाय जमिनीवर टेकले. डोळे मिटले. डावा पाय दाबला, डाव्या हातानं हवेतला दांडा पुढं सारला, आणि ते बाडमेरच्या स्टेशनाबाहेरून निघाले.

मला आधी हसू येत होतं. आई तांदूळ निवडत होती. "डिझेल संपलं की सांगा," ती म्हणाली, "चहा ठेवते." आबा हसले नाहीत. त्यांनी दुसरा गियर टाकला होता आणि त्यांचं सगळं अंग किंचित उजवीकडे झुकलं होतं.

मी घड्याळ काढून जमिनीवर ठेवलं आणि ते सांगतील ते लिहीत गेले. बाजार सुटतो, तिसरा, अकरा मिनिटं. दगडाळ वाट, दुसरा, पाठीला धक्के, सहा मिनिटं. इथून वाळू, स्टिअरिंग सैल धरायचं, गाडी आपली वाट घेते. उजवीकडे चढ, पहिला, थांबायचं नाही, थांबलं की रुतलं. मध्येच ते दहा-दहा मिनिटं काही बोलत नसत, फक्त उजवा पाय बारीक हलत असे. त्या दहा मिनिटांत काही घडत नव्हतं, कारण तिथं काही घडण्यासारखं नव्हतं. तेवढा वेळ ते सपाट वाळूतून जात होते. मी त्यांच्या पायाकडे बघत राहिले. आमच्या खोलीच्या त्या चार फरशांवर मला कधी न पाहिलेला प्रदेश दिसत होता असं म्हणणं खोटं ठरेल. मला फक्त एक पाय दिसत होता. पण त्या पायाला तो प्रदेश दिसतो आहे, याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

तीन तास आठ मिनिटांनी त्यांनी ब्रेक दाबला. मान वर करून डोळे उघडले. घामानं बनियन भिजला होता.

"आलं," ते म्हणाले.

मी पुस्तकांत वाढलेली. मला पुरावा हवा होता. पुढच्या रविवारी, मागचं काही न वाचून दाखवता, मी त्यांना पुन्हा निघायला सांगितलं. तीन तास नऊ मिनिटं. प्रत्येक गियर जिथल्या तिथं. लढाई होऊन चौदा-पंधरा वर्षं झाली होती. मी वही मिटली. इतकी पुस्तकं वाचून त्यातलं एक पानही मला असं पाठ नव्हतं.

ऑक्टोबरात सरावासाठी आम्ही वर्सोव्याच्या किनाऱ्यावर गेलो. भल्या सकाळी पवईवरून अंधेरी, तिथून वर्सोवा. वाटेत आबा काकांना वाळूबद्दल सांगू लागले तर काकांनी त्यांना थांबवलं.

"वाळू माका शिकवतंस? माझो जन्म समुद्राकडे गेलो."

आणि त्यांनी जीप सरळ कोरड्या वाळूत घातली. वीस-पंचवीस हातांवर ती थांबली. काकांनी जोर दिला तशी चाकं गरगरत अर्धी आत गेली. पलीकडे बांबूंच्या परांड्यांवर बोंबील वाळत घालणारी एक कोळीण कंबरेवर हात ठेवून हे बघत होती.

"काय रं मामा," तिनं ओरडून विचारलं, "गारी सुकवाला आनलीस का?"

काका लाल झाले. आबा उतरले. त्यांनी आधी चपला काढल्या आणि जीपच्या पुढं अनवाणी चालत गेले. दर दोन पावलांवर टाच रुतवायची, थांबायचं, थोडं बाजूला सरकायचं. असे ते ओल्या वाळूपर्यंत जाऊन त्याच पावलांवर परत आले. मग प्रत्येक चाकाशी बसून काडीनं हवा सोडली. मोजमाप काही नव्हतं. टायरच्या पोटाला हात लावून बघत होते, आजारी माणसाचं पोट बघावं तसे. मग स्वतः बसले, दुसरा टाकला, आणि जीप त्यांच्या पावलांच्या खुणांवरून सावकाश बाहेर आली. त्यांनी एकदाही स्टिअरिंग झटक्यानं फिरवलं नाही.

कोळणीनं बोंबलाची जुडी खाली ठेवली होती.

"वाळूवर आधी पायी चालायचं," आबा एवढंच म्हणाले. काका पंपानं हवा भरत होते. त्यांनी मान हलवली.

तिथंच टपरीवर चहा घेताना काकांनी माझी वही मागितली. ते मन लावून वाचत होते. चार पानं उलटल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मेजर, हय पयलो कित्याक?"

"चढ हाय तिथं."

"चढ आसा. पण गाडी खंयची?" त्यांनी वहीवर बोट आपटलं. "ह्ये गियर ट्रकाचे. तीन टन माल भरलेल्या ट्रकाचे. माझी जीप रिकामी जातली. ह्या वहीन गेलंव तर इंजिन बोंब मारतला, आणि ह्यी मिनिटां सगळी चुकतली."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मी तर पार खचले. दोन रविवार आम्ही दोघांनी जीव ओतून एका ट्रकची वही लिहिली होती आणि दोघांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मग आबा हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना क्वचित पाहिलं. चहा सांडला.

"खरं हाय," ते डोळे पुसत म्हणाले. "मी ट्रकच घेऊन चाललो होतो की रे."

पुढचा आठवडाभर कामावरून आल्यावर ते काकांची जीप घेऊन टेकडीचा चढ वर-खाली करत होते. शेजारचे विचारत, आबा, कुणाला शोधताय? रविवारी ते पुन्हा ट्रंकेवर बसले. जीप घेऊन त्या वाटेनं ते कधी गेले नव्हते. तीच वाळू, तेच चढ, आणि हलकी गाडी. हे सगळं त्यांना नव्यानं जुळवायचं होतं. या वेळी ते हळू गेले. मध्येच थांबत, मान हलवत, "न्हाय, तिसरा. जीप हाय ही," असं स्वतःलाच सांगत, आणि मागं जाऊन तो चढ पुन्हा चढत. त्या दिवशी अर्धीच वाट झाली. मी नव्या वहीत लिहीत होते. जी वाट माणूस कधी गेला नाही ती त्याला आठवते आहे, आणि मी ती उतरवून घेते आहे, हे मला त्याही वेळी फार मोठं वाटलं होतं. आज अधिक वाटतं.

दुसऱ्या रविवारी उरलेली वाट घेतली. जीपच्या हिशेबानं दोन तास पस्तीस मिनिटांवर एक खेजडीचं झाड येतं. तिथून डावीकडे वळलं की ते टेकाड आणि त्यामागं झोपड्या. ट्रकच्या वहीत हा शेवटचा तुकडा नऊ मिनिटांचा आहे. झाडाशी आबांनी पाय उचलला आणि डोळे उघडले.

"आज इथंच. पुढचं पुढल्या रविवारी."

"आबा, नऊच मिनिटं राहिलीत."

"नऊ मिनिटं राहिलीत म्हणून तर." त्यांनी हात पुढं केले आणि बघितले. तळवे वर होते. मग ते उठून आईला चहा मागायला गेले.

तो रविवार आला नाही. शुक्रवारीच सगळं झालं.

तेरवीचं वगैरे आमच्यात काही नसतं. पण काका पंधरा दिवस रोज वर येऊन आईजवळ बसत. डिसेंबर लागला तेव्हा ते मला म्हणाले, "गो चेडवा, आपण जाऊया. ट्रकाची वही पुरी आसा. शेवटची नऊ मिनिटां मी जुळवतंय."

मी नाही म्हटलं. त्यांना कारण सांगितलं की जीपची वही अपुरी आहे. खरं कारण वेगळं होतं. झोपड्यांशी पोचल्यावर ओंजळ मला धरावी लागली असती, आणि त्या घरातून कुणी वरून पाणी ओतलं असतं तर ते उत्तर मी आबांना सांगू शकले नसते. ओतलं नसतं, लोटा हातात दिला असता, तर तेही सांगू शकले नसते. प्रश्न त्यांचा होता. काकांनी मला पुन्हा विचारलं नाही. जीप त्यांनी पुढं बरीच वर्षं गॅरेजच्या मागच्या बाजूला झाकून ठेवली.

आता आईही नाही, काकाही नाहीत. लोटा माझ्याकडे आहे. त्यात मी पाणी भरून ठेवते आणि घरी येईल त्याच्या हातात देते. दोन वह्या ट्रंकेत आहेत. ट्रकची पुरी आहे. जीपची खेजडीच्या झाडाशी थांबते. तिथं शेवटची ओळ आहे: दुसरा, हात सैल, वाळू मऊ.