कुलपातली होडी

पावसाळ्यात आमच्या वाडीचं बेट होतं. दोन्हीकडून नदी, आणि मोठ्या गावाला जोडणारा ठेंगणा साकव पाण्याखाली. म्हणून आमच्या छोट्या ग्रामपंचायतीने पूर्वीच एक होडी घेतली होती. ती काठावरच्या आंब्याला बांधलेली असायची.

मे महिन्यात आमची ग्रामपंचायत पलीकडच्या मोठ्या गावात विलीन करायचा ठराव झाला. हात वर करणारे बहुतेक मुंबईचे. सुट्टीला आलेले, तिकडच्या वाडीकरांच्या मंडळाच्या बैठकीत आधीच ठरवून आलेले. बदल्यात देवळाला सभामंडप मिळणार होता. पावसात इथे राहतं कोण, तुम्ही की आम्ही, असं आईने विचारलं. मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला, "काकी, तुमी चहाचं बघा." लोक हसले. वहिनी आत चहाच करत होती. मी तिथेच बसले होते, आणि गप्प राहिले.

जूनमध्ये दफ्तर गेलं, कपाट गेलं. सगळी मालमत्ता एका ठिकाणी हवी म्हणून होडीही गेली. पलीकडच्या कार्यालयाच्या शेडमध्ये, कुलपात.

वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. माहेरी आईबाप नाहीत, भावाच्या घरी जायचं तिच्या मनात नव्हतं. म्हणून होडी परत मागणारा अर्ज मी लिहिला. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे असली कामं माझ्याकडे येतात. माझं मराठी कच्चं आहे हे कुणाला पटत नाही. तीनदा लिहून काढला. उत्तर आलं, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेऊ, अर्जदाराने हजर राहावं.

पंधरा ऑगस्टला साकवावर कमरेएवढं पाणी होतं. सगळी वाडी छत्र्या घेऊन काठावर उभी राहिली. पलीकडून स्पीकरवरचं राष्ट्रगीत स्वच्छ ऐकू आलं, आम्हीही ताठ उभे राहिलो. मग मी ग्रामसेवकांना फोन केला. ते म्हणाले, अर्जदाराशिवाय विषय घेता येत नाही. होडी पाठवा, येते, म्हटलं. तर होडी काढायलाही ठराव लागतो म्हणे.

"मग बाहेर येऊन बघा, सर," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "आम्ही समोरच आहोत. हात वर करतो."

सगळ्यांनी हात वर केले. वहिनीनेही केला, दुसरा पोटावर ठेवून. ग्रामसेवक आणि सरपंच कार्यालयाच्या ओट्यावर आले. आमच्याकडे बघून हसले, जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरांना करावा तसा हात केला, आणि आत गेले. इतिवृत्तात नोंद झाली, वाडीतून कुणीही हजर नाही, विषय तहकूब.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तसं आम्ही वहिनीला पोलादपूरला तिच्या भावाकडे पाठवलं. तिची पिशवी घेऊन मी रस्त्यापर्यंत गेले. शेडचं कुलूप तिथून दिसतं.

"मे महिन्यातच बोलायला हवं व्हतं गो," ती म्हणाली.

मी पिशवी रिक्षात ठेवली.