जाईच्या साखरेच्या करंज्या

जाईच्या साखरेची करंजी कुठल्याही पुस्तकात नाही. ती मी रचली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगायची वेळ तीनदा आली, तिन्ही वेळा मी तोंड मिटून बसलो. त्याखेरीज एकदा तोंड उघडलं होतं, आणि तेच जास्त वाईट झालं.

मी तेव्हा लालबागला राहायचो, गावच्या माणसांच्या खोलीत, आणि मिलच्या टाइम ऑफिसात कारकुनी करायचो. दोन वेळचं जेवण समोरच्या चाळीत, तळमजल्यावरच्या खानावळीत. खानावळ चालवणारी बाई आमच्याच बाजूची, मालवणकडची. तिला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. नवरा लवकर गेलेला. एक मुलगी, तिला मावशीने मॅट्रिक करून शाळेत मास्तरीण केली होती. मावशीला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पाळीवरून येणाऱ्या साठ माणसांपैकी कोण भात सोडतो नि कोणाला कालवणात कोकम जास्त लागतं हे मात्र तिच्या डोक्यात पक्कं होतं.

वाचनाला सुरुवात झाली ती करफ्यूत. मुंबई महाराष्ट्राला मिळायची की नाही यावरून शहर पेटलं होतं, गोळीबार झाले होते, मिल बंद, रस्त्यावर माणूस नाही. खानावळीत यायला माणसंच नव्हती. गल्ली ओलांडून मी तेवढा जायचो. माझ्या हातात वाचनालयातली कादंबरी बघून मावशी म्हणाली, एवढं काय वाचतोस, मोठ्याने वाच की. मी वाचलं. मग करफ्यू उठला, मिल सुरू झाली, तरी रविवारची दुपार ठरून गेली. मावशी तांदूळ निवडत बसायची आणि मी वाचायचो. मुलगी घरी नसायची. ती समितीच्या कामाला जायची, फलक रंगवायची, शिवाजी पार्कच्या सभांना बायकांची तुकडी घेऊन जायची. कादंबऱ्या वाचायला तिला सवड नव्हती, आवडही नव्हती.

मावशीचा एकच त्रास होता. गोष्टीत कुणी जेवायला बसलं की ती मला थांबवायची.

"काय काय होतां ताटात?"

"ते लिहिलं नाही, मावशी."

"मगे ह्यो लिवणारो जेवता काय नाय?"

पहिल्यांदा मी हसलो. पण ती खरोखर हिरमुसायची. माणसं जेवली, एवढंच लिहून लेखक पुढे गेला की तिला फसवल्यासारखं वाटायचं. म्हणून मी ताटं भरायला लागलो. पुस्तकाच्या पानावर नजर ठेवून, वाचतोय अशाच आवाजात, अळूचं फदफदं, वालाची उसळ, मठ्ठा असं वाढायचो. तिचा चेहरा खुलायचा. काही वेळा पुढच्या आठवड्यात तसंच काहीतरी खानावळीत बनायचं आणि ती मला वाढताना हळूच सांगायची, पुस्तकातलं हां. मला आवडायचं ते. माझं लिहिलेलं कधी कुठे छापून आलं नव्हतं. पण मी रचलेलं साठ माणसं जेवत होती.

एका जाडजूड कादंबरीत दिवाळीचा प्रसंग होता. मोठं घर, नवी सून, आणि लेखकाने लिहिलं होतं, फराळ झाला. झालं, संपलं. मावशीचे हात सुपावर थांबले. मग मी सुनेला माजघरात बसवलं. तिला बरणीत साखरेचा थर आणि जाईच्या कळ्यांचा थर द्यायला लावला, चार दिवस रोज कळ्या बदलायला लावल्या, त्या साखरेचं सारण करून करंज्या करायला लावल्या. सासूने करंजी मोडली तेव्हा खोलीभर जाईचा वास सुटला, हेही मीच वाचलं. ती सून डोळ्यांपुढे आणताना मला कोण दिसत होतं ते मावशीला ठाऊक नव्हतं, तिच्या मुलीला तर नव्हतंच.

आता तेही सांगून टाकतो. त्या मुलीसाठी मी दोन वर्षं त्या खानावळीत अळणी आमटीसुद्धा गोड मानून घेतली होती. तिला कधी एक शब्द बोललो नाही. ती मला "तुम्ही" म्हणायची, मी तिला "तुम्ही" म्हणायचो, बोलणं असायचं ते आज सभा कुठे आहे इतपतच.

सभांमधूनच तिची एका मुलाशी ओळख झाली. दादरचा, शिवाजी पार्कजवळ राहणारा, वडील वकील, स्वतः कॉलेजात शिकवणारा. मुलगा चांगला होता, मी दोनदा भेटलो होतो. त्याने घरी सांगितलं. घरच्यांनी नाही म्हटलं नाही, बघू म्हटलं. दिवाळीत मायलेकींना फराळाला बोलावलं.

मावशीने त्यांच्याबद्दल काय काय चौकशी केली होती कोण जाणे, पण मुलाच्या आईला पुस्तकांचं वेड आहे एवढं तिला कळलं होतं. त्यांच्या घरी भिंतभर कपाट आहे म्हणे. मला बोलावून तिने सांगितलं, खानावळवाली रिकाम्या डोक्याची नाही हे त्यांना कळायला हवं. जाईच्या करंज्या नेणार.

तेव्हा सांगायला हवं होतं. ती पहिली वेळ. पुस्तकात नाही, मावशी, मी सांगितलं होतं ते, एवढंच. ती रागावली असती, सूप फेकून मारलं असतं, आणि दुसरं काहीतरी करून नेलं असतं. मी मनात म्हटलं, फराळाच्या ताटावर बसून पुस्तक कोण उघडून बघतंय.

तिने दादरच्या फुलबाजारातून कळ्या आणल्या. चार दिवस रोज नव्या. कळ्यांच्या ओलाव्याने साखरेचे गोळे झाले. माझ्या गोष्टीत ओलावा नव्हता, मला काय कल्पना. तिने ती साखर परातीत पसरून पातळ कापड घालून गॅलरीत वाळवली, खलबत्त्यात कुटली. वेलची घालायची नाही असं तिने स्वतःच ठरवलं, जाईचा वास मरेल म्हणून. सुकं खोबरं मंद भाजलं, दुधात मळलेल्या पाऱ्या काढल्या, आणि एकेका करंजीला नखाएवढी बारीक मुरड घातली. पंचवीस करंज्या झाल्या, त्यातल्या एकवीस पितळी डब्यात गेल्या.

निघताना तिने मला बोलावलं.

"तू चल रे झिला. तू वाचलंस. कोणी काय इचारल्यान तर तू सांगशीत."

मी गेलो.

घर मोठं, हवेशीर. कपाट खरंच भिंतभर. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि शब्द जपून जपून दादरसारखं बोलत होती. करंज्या बशांतून फिरल्या. मुलाच्या वडिलांनी दोन खाल्ल्या. खोलीभर जाईचा वास सुटला, अगदी मी वाचला होता तसा. मुलाच्या आईने विचारलं, ही कुठली तऱ्हा, आम्ही कधी खाल्ली नाही. मावशीने कादंबरीचं नाव सांगितलं, न चुकता. नवी सून करते बघा, दिवाळीला, म्हणाली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. परीक्षेत पहिली आलेली मुलगी असावी तसा.

त्या बाई उठल्या. वाईट हेतूने उठल्या असं मी म्हणणार नाही. त्यांना आनंदच झाला होता. आपल्या आवडीच्या पुस्तकातलं एवढं कसं निसटलं म्हणून त्यांनी कपाट उघडलं, पान काढलं, उभ्याउभ्याच वाचलं. मग मागचं पान, पुढचं पान. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्हीही वाचली असेल ना ही कादंबरी? कुठे आहे हो हे?

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलीनेही बघितलं. आणि त्या क्षणी माझ्या आत काहीतरी हललं, ते भीतीचं तर होतंच, पण नुसत्या भीतीचं नव्हतं. हे मोडेल, असं मला वाटलं. मोडलं तर बरं, असंही वाटलं.

"मला नीट आठवत नाही," मी म्हटलं. "मावशींच्या ऐकण्यात काहीतरी वेगळं आलं असेल."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग हसून त्या बाईंना म्हणाली, "माझ्याच डोक्यात कुठलंतरी दुसरं मिसळलं असणार. शिकलेली नाही ना मी."

बाईंनी पुस्तक जागच्या जागी ठेवलं. "वाचलेलं नसलं तरी काही बिघडत नाही हो," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "वाचलंय असं मात्र सांगू नये."

पुढे अर्धा तास पुस्तकांचा विषय कुणी काढला नाही. निघताना त्यांनी मावशीचा डबा चिवडा घालून परत दिला.

आम्ही चालतच परत निघालो. हिंदमाताला कापडाच्या दुकानांसमोर दिवाळीची गर्दी होती, वाट काढता येत नव्हती. तिथे, त्या गर्दीत, मुलगी थांबली.

"तुला वाचता येत नाही हे मी कधी त्यांच्यापासून लपवलं होतं का? मग तू का लपवायचंस, आई?"

मावशीने डबा या काखेतून त्या काखेत घेतला. मी तीन पावलांवर होतो. ही दुसरी वेळ. मी एका दुकानातली पातळं बघत उभा राहिलो.

महिन्याभराने दादरहून निरोप आला, पत्रिका जमत नाही म्हणून. खरं कारण काय ते मला माहीत नाही. कदाचित खानावळवालीची मुलगी एवढंच पुरेसं असेल, आणि करंज्या त्यांनी नुसत्या खाऊन विसरल्याही असतील. पण त्या दुपारच्या प्रकारामुळेच ते मोडलं, हे मुलीच्या मनात कायमचं बसलं. तिने गिरगावातल्या एका शाळेत नोकरी धरली आणि तिकडेच खोली घेतली. सणाला यायची, आईच्या हातात पातळ द्यायची, जेवायची, जायची. भांडण असं नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं.

मावशी मला वाढत राहिली. कालवणातला मोठा तुकडा पूर्वीसारखाच माझ्या ताटात यायचा, आणि मी तो खायचो. एका रविवारी मी पुस्तक घेऊन गेलो, वाचू का म्हटलं. ती म्हणाली, नको रे, आता दुपारची झोप येते. तिला दुपारची झोप आयुष्यात कधी आली नव्हती. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी काळाचौकीपर्यंत सगळीकडे पेढे वाटले जात होते, मावशीने खानावळीत सगळ्यांना शेवयांची खीर वाढली. करंजी तिने त्यानंतर केली नाही. दिवाळीलासुद्धा नाही.

मी पुढे परळला खोली घेतली, लग्न केलं. त्या मुलीने केलं नाही.

मावशीचं शेवटचं दुखणं परळच्याच इस्पितळात झालं. मी घरून पेज घेऊन जायचो. एकदा मुलगी बाहेर नळावर पाणी भरायला गेली होती तेव्हा मावशीने डोळे उघडले.

"ती जाईची साखर. बरी झालेली मा रे?"

"फार चांगली झाली होती, मावशी."

"मगे झालां," ती म्हणाली.

एवढंच बोलली. तिला सगळं ठाऊक होतं, त्या दादरच्या खोलीतच कळलं होतं. तिने मला लेकीसमोर उघडं पाडलं नाही. लेक दुरावली तरी पाडलं नाही. का, याचा मी पुष्कळ विचार केलाय. पोराचा संसार व्हायचाय, असं काहीतरी तिच्या मनात असेल. किंवा मी तिला इतक्या दुपारी जेवायला घातलं होतं, त्याचं असेल. मला कळत नाही.

तेराव्याला भांडी आवरताना मुलीने तो पितळी डबा हातात घेतला आणि मला म्हणाली, "आईचं मला बाकी सगळं आवडायचं. खोटं बोलायला नको होतं तिने. तेवढं एक माझ्या मनातून जात नाही." मी तिच्या समोर होतो, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ही तिसरी वेळ. मी म्हटलं, जाऊ द्या आता, माणूस गेलं.

ती आता हेडमास्तरीण आहे. केस पांढरे झालेत. दर दिवाळीला गिरगावहून आमच्या घरी फराळाचा डबा पाठवते, आईच्या आजारपणात तुम्ही केलंत म्हणून. लाडू असतात, शंकरपाळे, कडबोळी. करंजी नसते. माझी मुलं डब्यावर तुटून पडतात आणि बायको दरवर्षी म्हणते, किती माया आहे बघा त्यांना. मीही एक लाडू घेतो. घशाखाली उतरतो तो, हेच विशेष.

मावशी खोटं बोलली नव्हती. तिने ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं, आणि जसं ऐकलं तसंच केलं होतं. खोटं मी बोललो. हे तिच्या मुलीला, तिच्या समोर बसून सांगणं माझ्याकडे राहिलं आहे.