शेराच्या कुंपणापलीकडं

डोंगरकडा गावच्या शालूबाईंची एक खोड होती. एखादी गोष्ट उलगडली नाही की त्यांना घास गोड लागायचा नाही.

लग्न होऊन त्या उत्तमरावांच्या घरी आल्या तेव्हा मागच्या अंगणात शेराचं कुंपण होतं. कुणी छाटलंच नाही, म्हणून ते दरसाल फोफावत गेलं आणि एकोणीसशे एकेचाळीसच्या उन्हाळ्यापर्यंत आत गाडी लपेल एवढं रुंद झालं. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाते, म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नसे.

पलीकडं अल्लाबक्ष गवंड्याचं घर. त्याची बायको शरीफा पडद्यात राहायची. दोघींचे संसार कुंपणाच्या दोन बाजूंना वाढले. आवाज ओळखीचे, पण तोंड कधी पाहिलेलं नाही.

त्या चैतात शरीफाची तांबडी कोंबडी शेरातून इकडं यायची, तेव्हा तिचे पाय चिखलानं भरलेले असायचे. गावची विहीर तळाला गेलेली, आणि हिचे पाय ओले. शालूबाईंनी कुंपणाजवळ जाऊन विचारलं, "शरीफाबी, तुमच्याकडं चिखल हाय का कुठं?"

"न्हाई बाई. मला वाटायचं, तुमच्याकडूनच पाय भरून येती."

म्हणजे पाणी शेराच्या आतच होतं. शालूबाईंनी कुंपण काढायचा धोशा लावला. उत्तमरावांना पाण्याचं काही वाटलं नाही, पण गाडी वळवायला जागा उरली नव्हती, म्हणून ते कबूल झाले. अल्लाबक्ष म्हणाला, "काढा खुशाल. पण मग मला लगेच भिंत घालावी लागंल. घरात बाया हायेत."

दोघांनी हातापायांना करडीचं तेल चोळलं, तोंडाला फडकी बांधली आणि वाऱ्याकडं पाठ करून कोयते चालवले. जाड बुंधे साखळी लावून बैलांकडून ओढून काढले. पांढरा चीक मातीवर ठिबकत राहिला. दुसऱ्या दिवशी मधला भाग उघडा झाला. तिथं एक खोलगट जागा होती. दोन्ही घरांच्या मोऱ्यांचं पाणी जमिनीतून झिरपून तिथं साचत होतं, आणि त्या ओलीवर एक लिंबाचं झाड पिवळ्या लिंबांनी वाकलं होतं. ते कुणी लावलं, दोन्ही घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुरुष जेवायला गेले तेव्हा शालूबाई झाडापाशी आल्या. समोरून डोक्यावरचा पदर सावरत एक ठेंगणी बाई आली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"तुमीच शालूबाई?" शरीफा म्हणाली. "आवाजावरून मला वाटायचं, चांगल्या उंचपुऱ्या असाल."

"आन् मला वाटायचं, तुमी म्हाताऱ्या असाल."

दोघींना हसू आवरेना.

अल्लाबक्षची भिंत नेमकी झाडाच्या जागेवरून जाणार होती. झाड तोडायला शालूबाई तयार होईनात, तेव्हा त्यानं तेवढी जागा सोडली आणि झाडाच्या कडेला एक बुटकं दार बसवलं.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात भारताच्या पलटणी आल्या, निजामाचं राज्य गेलं. गावोगाव मुसलमानांवर सूड उगवल्याच्या बातम्या येऊ लागल्या. एका दुपारी शालूबाईंनी ते दार उघडलं आणि शरीफाला म्हणाल्या, "लेकरं घेऊन इकडं या. भाऊजींनाबी आणा." उत्तमराव पुढच्या ओसरीवर बसले. दोनदा माणसं अल्लाबक्षला शोधत आली. "घरात माझीच माणसं हायेत," एवढंच त्यांनी सांगितलं.

शरीफा माजघरात भिंतीला टेकून बसली होती. शालूबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या आंबट वरणाला फोडणी कशाची देता वो? इतकी वर्सं वास येऊन राहिला, पण कळंना."

शरीफानं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागली.