एका हाताचं पाणी

“दुखनं गावाचं सुटलं, मी काई सुटली नाई,” असं कुंताबाई एकदा म्हणाली होती. म्हणाली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे दोन्ही तळवे मांडीवर उघडे पडले होते. दोराने सोललेले.

चामोर्शीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात हगवणीची साथ आली. अकरा माणसं गेली. त्यांत कुंताबाईची थोरली बहीण गिरजाही होती. दवाखान्याच्या नर्सबाई सत्यशीला यांनी चार विहिरींवर काटे टाकून त्या बंद केल्या, पाचवीत औषध सोडलं आणि सांगितलं, की इथून पाणी एकाच माणसानं काढायचं. बादली एक, दोर एक. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मासे धरणाऱ्या ढिवराच्या हातचं पाणी सगळ्यांच्या घरात चालत आलेलं. म्हणून गावानं ढिवराची विधवा निवडली, कुंताबाई.

बहिणीला तळ्याकाठी माती देऊन ती तशीच विहिरीवर आली. रडायचं राहून गेलं.

भाद्रपद सरला. साथ गेली. दंडारीच्या खेळांच्या तालमी सुरू झाल्या, लग्नाची बोलणी निघाली. पाणी उकळणं एकेका घरातून बंद झालं. चारही विहिरींवरचे काटे मात्र कुणी काढले नाहीत. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत कुंताबाई पाणी काढत राहिली.

तिचे तळवे पाहून सत्यशीला म्हणाल्या, “पंधरा दिवस दोर धरू नको. पोटभर जेव. दुपारची झोप. खांद्याला तेल लाव.”

“मंग पानी?”

“गाव काढील.”

कुंताबाईनं खरंच तसं करून पाहिलं. एका दुपारी तिनं पाणी तापवलं, दार लोटलं, खांद्यावर कोमट तेल घातलं आणि चटईवर अंग टाकलं. दाराबाहेर घागर टेकल्याचा आवाज झाला. मग दुसरी टेकली. कुणी हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. बाया ओळीनं बसून राहिल्या, मधूनच खोकल्या. बाईला निजू द्या, असं एक दुसरीला दबक्या आवाजात सांगत होती. त्या दबक्या आवाजानं तिचा डोळा लागेना. अर्ध्या घटकेत ती उठली.

पुढं एकदा तिला ताप भरला. त्या दिवशी शेजारच्या रुखमानं पाणी काढलं. संध्याकाळी दोन पोरांना जुलाब लागले. पोरांनी रानातली सीताफळं पोट फुटेस्तोवर खाल्ली होती, हे त्यांच्या आयांनाही माहीत होतं. तरी गावानं रुखमाच्या हाताकडे बोट दाखवलं आणि कुंताबाई तापातच विहिरीवर गेली.

शेवटी सत्यशीलांनीच गावाला चावडीत बसवलं. दुपार कलली होती. बाया बाहेर घागरी घेऊन थांबल्या होत्या. बैठक उठली की पाणी मिळणार होतं.

“एकच माणूस म्हटलं ते दोर-बादली स्वच्छ राहावी म्हणून,” सत्यशीला म्हणाल्या. “कुंताबाईच पाहिजे असं नाही. आणि आता तर चारही विहिरी चांगल्या आहेत. मी तपासल्या.”

“ते तुमच्या कागदावर बरोबर हाये, बाई,” पोलीस पाटील गुणवंतराव शांतपणे म्हणाले. “पर तिनं हात लावला अन् मरन थांबलं. हे गावानं डोयानं पायलं.”

“मरण औषधानं थांबलं.”

“औषध तर चारीमंदी टाकता आलं असतं. काऊन नाई टाकलं?”

मागच्या पोरांमधला डोमा म्हणाला, “बाईले आता खुर्चीच मांडून द्या विहिरीवर. बसून काढन.” लोक हसले. गुणवंतरावही हसले.

“बाई,” ते कुंताबाईकडे वळले, “दर घरामागं पायलीभर धान वाढवून देतो. दसऱ्याचं पयलं सोनं तुले. आनखी काय पायजे, बोल.”

“मले गिरजासाठी रडाचं हाये,” कुंताबाई म्हणाली. “चार दिस. दार लावून.”

पुढच्या दोघांनी डोक्यावरची टोपी काढली. क्षणभर वाटलं, कुणाला तरी कळलं.

“रड ना बाई,” गुणवंतराव मऊ आवाजात म्हणाले. “कोन नाई म्हनते? सकायचं पानी झालं का रड.”

माना हलल्या. बरोबर आहे, असं दोघंतिघं म्हणाले. तेवढ्यात रुखमा पुढं सरकली. जिचा हात गावानं वाईट ठरवला होता तीच. तिनं आपलं लेकरू कुंताबाईच्या पायांवर घातलं. “तुयाच पान्यानं वाचला हा. याच्यासाठी तरी नाई म्हनू नोको, माय.”

कुंताबाईनं लेकरू उचलून रुखमाच्या मांडीवर ठेवलं. सत्यशीलांकडे एकदा पाहिलं. त्या खाली बघत होत्या. मग ती उठली, पदर कमरेला खोचला आणि चावडीच्या पायऱ्या उतरली. बाहेरच्या बायांनी तिला येताना पाहून भराभर घागरी कमरेवर घेतल्या. त्या ओळीमधून ती विहिरीकडे न वळता तळ्याच्या वाटेनं निघून गेली.