फणसाच्या फळीवरची दुरुस्ती

बाबांची ठासणीची बंदूक भिंतीवर लावायची, हे आईनं ठरवलं. बाबांना जाऊन वर्ष होत होतं. वर्षश्राद्ध घालायचं नाही, असं ते सांगून गेले होते. त्याऐवजी रविवारी लोट्याच्या रसायनांच्या कंपनीतले त्यांचे जुने सोबती आमच्याकडे जेवायला येणार होते. शेतीसंरक्षणाचा परवाना आईच्या नावावर झाला होता आणि बंदूक कपाटामागे पोत्यात गुंडाळून उभी होती.

"सावर्ड्याला लाकूड कोरायला शिकलीस ना," आई म्हणाली, "मग हिच्यासाठी कर कायतरी. पोत्यात मेल्यासारखी दिसते."

मी बंदुकांच्या विरोधात आहे. दोन गावं पलीकडे शिकारीच्या हाक्यात एका माणसाला रानडुक्कर समजून गोळी घातली गेली, तेव्हा मी पत्रक काढलं होतं: शिकार बंद करा, बंदुका जमा करा. ते त्या गावच्या चौकात वाटत असताना एक म्हातारा म्हणाला, "बाय, आधी तुझ्या बापाची जमा कर." मी तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकवलं की माझ्या बापाच्या बंदुकीनं आजवर एकही जीव घेतलेला नाही. मी पाहत आले होते. बाबा नळीत दारू भरत, चिंध्या ठासत, छरे कधी टाकत नसत. बागेत माकडं उतरली की आभाळाकडे नळी करून बार काढत. म्हातारा गप्प बसला. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

तेच वाक्य फळीवर कोरायचं मी ठरवलं. बंदूक भिंतीवर राहणारच असेल, तर तिच्याखाली निदान खरं लिहिलेलं असावं.

फळी आमच्याच फणसाची. रंधा मारला तशी हळदीसारखी पिवळी निघाली. बंदूक टेकवायला शिसवीचे दोन आकडे केले आणि आतून बाबांच्या जुन्या पट्ट्याचं चामडं लावलं. अक्षरं मात्र माझी नको होती. बाबा युनियनच्या पत्रकांचे मथळे हातानं काढायचे. कंपनीच्या बससाठी लागलेल्या रांगेत ती पत्रकं वाटत मी मोठी झाले. त्यांचा गठ्ठा खाली काढला आणि कार्बन पेपर घेऊन एकेक शब्द फळीवर उतरवला. 'कधी' मिळाला 'पगारवाढ कधी?' मधून. 'जीव' गॅसगळतीच्या पत्रकातून. 'बंदूक' हा शब्द त्यांनी कुठेच लिहिला नव्हता, तो तुकडे जोडून केला. 'नाही' हवे तेवढे होते.

तीन दिवस पडवीत बसून कोरलं. त्या वर्षात मला रडू आलं नव्हतं, त्या तीन दिवसांतही आलं नाही. पटाशी चालत होती. चहा गार झाला की आई तो घेऊन जाई.

या बंदुकीने कधी जीव घेतला नाही.

बाबांच्या प्रत्येक पत्रकाचं प्रूफ आईच वाचायची, शब्दावर बोट ठेवून. फळीही तिनं तशीच वाचली. बोट 'कधी'वर थांबलं.

"चूक आहे."

"काय चुकलं? त्यांचंच अक्षर आहे."

"अक्षर बरोबर आहे. मजकूर चुकला." ती जोत्यावर बसली. "एक मारलीन होती त्यानं. माकडीण. पोर होतं पोटाशी. तुला तेव्हा कांजण्या आल्या होत्या, तू आत झोपलेली."

"आणि पोर?"

"तिला सोडीना. दुसऱ्या दिवशी तेही गेलं. दोघांना काजूखाली पुरलान. तेव्हापासून छरे बंद."

"मला सांगितलं का नाही?"

"तू बापाला देव केला होतास. देव न मानणाऱ्याची पोर तू." ती जरा हसली. "मग राहू दे तसंच. कोण विचारतंय?"

मी काजूकडे बघितलं. काजू नेहमीसारखाच होता. काहीतरी वाटायला हवं होतं, म्हणून थोडी थांबले. काही वाटलं नाही. चौकातला तो म्हातारा आठवला, आणि त्याचं गप्प बसणं.

"पत्रकात चुकलं तर तुम्ही काय करायचात?" मी विचारलं.

"शुद्धिपत्र जोडायचो."

लाकडाला शुद्धिपत्र जोडता येत नाही. मी पटाशी घेतली आणि 'कधी' व 'नाही' हे दोन शब्द तळापर्यंत खरवडून काढले. फळीत दोन खळगे पडले. पहिल्यात 'कामगारांनो, एक व्हा'मधला 'एक' कोरला. दुसरा खळगा काचकागदानं घासून गुळगुळीत केला आणि मोकळा ठेवला. आईनं पुन्हा बोट फिरवलं.

"आता लाव," ती म्हणाली.

रविवारी माणसं आली. भिंतीवर बंदूक होती, आकड्याला साखळी आणि कुलूप. बाबांबरोबर कंपनीतून बडतर्फ झालेले एक काका चष्मा लावून फळीपाशी गेले आणि मोठ्यानं वाचू लागले, "या बंदुकीने एक जीव घेतला." त्यांनी रिकाम्या खळग्यावर अंगठा फिरवला.

"इथं काय होतं गो?"

"चूक होती," मी म्हणाले. मग माकडिणीचं आणि पोराचं सांगितलं. आईकडे न बघता, सगळं.

काकांनी चष्मा काढला. "आम्हांला कधी बोलला नाही," ते म्हणाले.

"मलाही नाही."

"पानं मांडल्येत," आई आतून म्हणाली. "भात गार होतोय."

सगळे जेवले. मी वाढत होते. त्या चौकात जाऊन म्हाताऱ्याला हे सांगायचं अजून राहिलं आहे. पत्रक लिहून झालंय, चार ओळींचं. प्रूफ आईकडे आहे.