दुसरी टोपली

वेटरने विचारलं, "मॅडम, सेम रिपीट करू?"

"हो, सेम. एक," केतकी म्हणाली.

आणि समोरची बांबूची टोपली तिने बोटाच्या टोकाने माझ्याकडे सरकवली. आत डिमसम. म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकाचा चिनी भाऊ, आत कोंबडीचा खिमा. पहिला तिने उचलला, मग मी, माझ्या जेवायच्या काड्यांनी. त्या काड्या त्याआधी माझ्या तोंडात जाऊन आल्या होत्या. बस्स. एवढाच माझा गुन्हा.

"तू संपव गं ते. मला नको," म्हणाली.

नको, तर मग तीच टोपली परत कशाला? तिच्या घरी मासे, कोंबडी सगळं चालतं, तो प्रश्नच नव्हता. आणि चायनीज जेवणाची रीतच अशी, की सगळं मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यातनं उचलायचं. हे हॉटेल तिनेच निवडलेलं. मजा येईल, शेअर करू, म्हणाली होती.

केतकी माझी डेंटल कॉलेजपासूनची मैत्रीण. ती ठाकूरद्वारच्या वाडीतली, जुन्या वजनदार घरातली. मी भोईवाड्याच्या चाळीतल्या बौद्ध घरातली. दोघी मिळून दवाखाना काढणार होतो. जागा तिच्या वडिलांची, ठाकूरद्वारला. खुर्ची, मशीन दोघींचं. ते पक्कं झालं म्हणून तर हे जेवण. मी आईची सिल्कची साडी नेसून गेले होते. इतका आनंद झाला होता मला.

हॉटेल परळच्या बंद गिरणीच्या शेडमध्ये. लोखंडी खांब तसेच ठेवलेत, खाली मंद दिवे, काळ्याकुट्ट प्लेटी. केतकी वर बघत म्हणाली, "तुझे आजोबा ह्याच मिलमध्ये होते ना? आणि आज नात इथे जेवतेय. किती भारी ना!"

भारी. आजोबा ह्या गिरणीत होते, ह्या शेडमध्ये नव्हते. ही साच्यांची शेड, कापड विणायची. पगार इथे जास्त. पण धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी होडीत, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. आमच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांनी तोंडाला कसा लावायचा? बाटतील ना बिचारे! म्हणून आजोबांना इथे उभं करत नव्हते. जन्मभर सूत काढायच्या खात्यात सडले. कापूस छातीत भरून गेले.

हे सगळं मी केतकीला कॉलेजात असतानाच सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा. "शी, काय लोक होते गं!" म्हणाली होती.

होते म्हणे.

त्या टोपलीकडे बघता बघता मला कॉलेजचे डबे आठवले. बाकीच्या मुलींच्या उष्ट्या चमच्यांनी चाटूनपुसून खाणारी ही. माझा डबा उघडला की हिचं पोट भरलेलं. माझ्या आईने हिच्यासाठी मुद्दाम सुकटीची चटणी द्यावी आणि हिने म्हणावं, "अगं, आज उपास." मंगळवारी उपास, गुरुवारी उपास. मला वाटायचं, पोरगी देवभोळी आहे. दात काढणारी बाई ही! परक्या माणसांच्या लाळेत दिवसभर हात असतात हिचे, ते चालतं.

दुसरी टोपली आली. ती तिने स्वतःजवळ ओढून घेतली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. दवाखान्याच्या बोर्डाचं डिझाईन. वर तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं ठसठशीत. खाली माझं नुसतं पाळण्यातलं नाव.

"माझं आडनाव?" मी विचारलं.

"अगं, छोटं नाव कॅची वाटतं. आणि तुला माहितीये ना आमच्या एरियातले पेशंट. जुनी माणसं. मी नाही गं मानत काही, पण उगाच कशाला?"

माझ्या कानशिलात आग झाली. रडू नाही आलं. संताप आला, आणि स्वतःची कीवही आली, ह्या साडीत.

मी काड्या उचलल्या. आधी तोंडात घातल्या, तिच्या डोळ्यांदेखत. मग हात लांब करून तिच्या टोपलीतला एक डिमसम उचलला आणि खाल्ला. सावकाश.

"आता तिसरी मागव," मी म्हणाले.

केतकीचा चेहरा पांढराफटक. "हे काय वेड्यासारखं? हायजीनचा प्रश्न असतो गं, बाकी काही नाही."

"मग खा ना त्यातला एक. एकच खा. बोर्ड तसाच ठेवते मी."

खरंच ठेवला असता. शप्पथ सांगते, तेव्हासुद्धा मनातून वाटत होतं, खाईल ती. हसेल, मला शिवी देईल आणि खाईल. तिने काड्या हातात घेतल्या. टोपलीपर्यंत नेल्या. परत ठेवल्या.

"पोट भरलंय माझं," म्हणाली.

"तुझं पोट कॉलेजपासून भरलेलंच आहे, केतकी. माझं नाव काढ बोर्डावरनं. ते छोटंसुद्धा."

उठले आणि चालत भोईवाड्याला आले. आई जागी होती. तिला सगळं सांगितलं. ती साडीची घडी घालत बसली.

परवा केतकीचा मेसेज आला: "गैरसमज झालाय तुझा. भेटू ना, कॉफी घेऊ." मी लिहिलं: "आमच्या घरी ये. आईच्या हातचं जेव, एका ताटात माझ्याबरोबर. मग बोलू." तिने वाचलंय. परवाच.

चाळीच्या तळमजल्यावरची खोली मी भाड्याने घेतेय. एकटीच. खुर्ची जुनी असेल, मशीन कर्जाचं असेल. बोर्ड मात्र नवा, आणि त्यावर माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. आडनाव सगळ्यात मोठं. ते वाचून ज्याला परत फिरायचंय त्याने रस्त्यावरूनच परत फिरावं. मी हाक मारणार नाही.