तिच्या बदकांची शेवटची नऊ अंडी

पेठकडच्या आमच्या भातखाचरात माझ्या बायकोनं खाकी बदकं पाळली होती. नव्वदनंतर कधीतरी सरकारी फार्मातून सहा पिल्लं आणली, त्यांची तीस केली. गावातले विचारायचे, "काय रं, घरात पोलीस पाळलेत का?" मी हसायचो. अंडी मात्र लय द्यायची, जवळजवळ रोज. पण ही जात अंड्यावर बसत नाय. घालायचं आणि चालू पडायचं. म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात. ते सगळं ती बघायची. मी नांगर आणि भात, एवढंच बघितलं.

ती गेली त्या पावसाळ्यात बदकं माझ्या हाकेला येईनात. सांज झाली तरी खाचरातच राहायची. कोल्ह्यानं एकेक करून नेली. दिवाळीपर्यंत दोन माद्या आणि एक नर उरला. माद्याही म्हाताऱ्या. त्यांनी नऊ अंडी दिली आणि थांबल्या. तिच्या हातचं एवढंच राहिलं होतं. हे संपलं की घरात तिचं जिवंत असं काही उरणार नव्हतं.

नऊ अंडी कोंबडीखाली ठेवली. कोळशानं भिंतीवर रेघा मारत गेलो. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, हे कोणालाही ठाऊक. एकही फुटलं नाय. बाविसावा गेला, तेविसावा गेला. कोंबडी उगाच वाळत चालली म्हणून तिला हाकललं, अंडी टोपलीत घालून पडवीत ठेवली. दोन दिवस तशीच पडून.

शेजारी राहणारी माझी भावजय आली. टोपली बघून थबकली.

"भाऊजी, ही काढली कशाला?"

"नासली. एकवीस होऊन गेले."

"एकवीस कोंबडीला. बदकाला अठ्ठावीस लागतात. एवढी वर्षं तिच्यासोबत काय केलं तुम्ही? नुसतं जेवलात?"

मी एक अंडं दगडावर फोडलं. आत पिल्लू होतं. चोच, पाय, लवसुद्धा आलेली. हललं नाय.

कोंबडीला धरून आणलं, ती बसेना. मग उरलेली आठ पोटाशी घेऊन बायकोच्या गोधडीत निजून राहिलो. भाकर भावजयच आणून द्यायची. अठ्ठावीस झाले, तीस झाले. अंड्यांना वास सुटला.

भावजय दारातून म्हणाली, "टाका आता ती, भाऊजी."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्हीच टाका. माझ्याच्यानं होत नाय."